उचलू नका

"तुमच्या कंपनीच्या सायकलींना आई-बाप नाहीत का गं?" यशवंत रणपिसे दारातूनच ओरडले. "रात्रंदिवस बाहेरच! घरी न्यायला कुणी येतच नाही."

"पाणी घ्या आधी," केतकी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाली. "आणि पायी का आलात?"

"पायी का आलो? पोस्टाच्या स्टँडवर एक जागा रिकामी नाही म्हणून! एका सायकलीवर लोणचं, एकीवर फ्लॅट, एकीवर गुडघेदुखीचं तेल. मी माझी सायकल कुठं लावू, पोस्टमास्तरच्या टेबलावर? पार पुलापाशी लावली, काम करून पुन्हा तिथपर्यंत जायचं जिवावर आलं, म्हणून तिथंच ठेवून आलो. संध्याकाळी आणीन."

केतकीचे वडील यशवंत, म्हणजे आप्पा, खडकीच्या फॅक्टरीतले निवृत्त फिटर. उभी नोकरी सायकलवर केलेली. पुण्याच्या मध्यभागात पेट्रोलच्या गाड्यांना बंदी झाली, जागोजागी सायकलींसाठी पोलादी स्टँड उभे राहिले, तेव्हा या गृहस्थांनी गल्लीत पेढे वाटले होते. "शहाणपण आलं एकदाचं शहराला," असं प्रत्येक पेढ्यामागे एकदा ऐकवलंही होतं. स्टँड फुकट, कुणाच्याही सायकलीला खुले. वर्षभर मोठ्या सुखात गेलं.

मग मोठमोठ्या जाहिरात फलकांवर कायद्याने बंदी आली. बंदी आली की पळवाट तिचं बोट धरूनच येते. सायकलीला टॉवेलाएवढा फलक लावायला कायद्याची हरकत नव्हती आणि स्टँडवर सायकल कुणाची हे कुणी विचारत नव्हतं. अट एकच, एका जागी एका दिवसाहून जास्त सायकल राहिली तर ती बेवारस समजून उचलून नेली जाई. 'थबक आउटडोअर' नावाच्या कंपनीने या अटीला उत्तर शोधलं. त्यांच्या सायकलींवर कधीच कुणी बसत नसे. सांगाड्याच्या पोटात एक जड चकती गरगर फिरत असायची. भोवरा फिरता असेपर्यंत पडत नाही, तसं त्या चकतीमुळे सायकल स्वतःच्या बळावर उभी राहायची. मागच्या चाकात मोटर होती. रोज पहाटे रस्ते मोकळे असताना प्रत्येक सायकल आपली आपण पुढच्या स्टँडवर जाऊन लागायची. नवा स्टँड, नवा दिवस, अट पाळली! खऱ्या सायकलवाले दूध-पेपर आटोपून बाहेर पडेपर्यंत सगळ्या जागा भरलेल्या असत.

आणि केतकी त्याच 'थबक'मध्ये होती. तिचं काम मोठं गमतीचं होतं. प्रत्येक फलकात एक डोळा असे. तो चेहरे साठवत नसे, निदान कंपनी तशी शपथ घेत असे. तो फक्त मोजायचा: किती जण थांबले, किती वेळ थांबले. ही थांबण्याची बेरीज वाढवणं एवढाच सायकलीचा ध्यास. त्यासाठी काय करायचं ते कुणी सांगत नसे. सायकल आपलीच छोटे छोटे प्रयोग करी. हँडल किंचित वळव, उजेड कमी कर, हळू आवाजात बोल. एखाद्या प्रयोगाने लोक जास्त थांबले की तो प्रयोग पक्का आणि त्याच क्षणी शहरातल्या बाकीच्या हजारो सायकलींनाही ठाऊक. कोणत्या दारात शिळी पोळी मिळते हे भटक्या कुत्र्याला कुठे कुणी शिकवतं? तसंच हे, फक्त इथे एका कुत्र्याला पोळी मिळाली की सगळ्या गावच्या कुत्र्यांना वास यायचा. या शिकण्यावर लक्ष ठेवणं हे केतकीचं काम, आणि तिला त्याचा अभिमान होता.

काळजी होती ती आप्पांची. त्यांना जुना मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन. आई गेल्यापासून जेवणाची वेळ पाळणं त्यांना जमत नसे. इंजेक्शन घेऊन वेळेवर खाल्लं नाही आणि वर चालण्याचे कष्ट झाले की साखर एकदम खाली जाई. सायकल लांब लावून चालत येताना दोनदा ते रस्त्यात घेरी येऊन बसले होते. दोन्ही वेळा कुणीतरी चहा पाजला आणि रिक्षात बसवून दिलं.

"रिक्षाने जात जा ना आप्पा," केतकी म्हणे. "डॉक्टरांनी काय सांगितलं? बेशुद्ध झालात आणि जवळ कुणी नसलं तर?"

"पुण्याच्या रस्त्यात कुणी नाही असं कधी झालंय का?" आप्पा म्हणत. "आणि सायकल दारात असताना रिक्षा? मी काय मेलोय?"

पुण्यात दुसऱ्याच्या दारासमोर वाहन लावणाऱ्याच्या चाकातली हवा सोडायची थोर परंपरा आहे. 'हवा सोडण्यात येईल, पंप मिळणार नाही' अशा पाट्या लावणारं हे गाव. आप्पा आणि त्यांच्या फॅक्टरीतल्या सोबत्यांनी ही परंपरा 'थबक'च्या सायकलींना लावली. सकाळी फिरायला निघायचं, खिशात काडेपेटीतल्या काड्या, आणि स्टँड दिसला की व्हॉल्व्हला काडी. फुस्स! भरल्या चाकावर तोल धरायला शिकलेल्या त्या सायकली बसक्या चाकावर डगमगायच्या आणि तासाभरात आडव्या व्हायच्या.

केतकीने ऑफिसातल्या पडद्यावर पहिली आडवी सायकल पाहिली ती पोस्टाजवळची. भाजीची पिशवी घेऊन चाललेली एक बाई थबकली. तिने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, सायकल उचलली आणि सीटवरची धूळसुद्धा हाताने झटकली. सायकल पुन्हा पडली. मग एक कॉलेजचा मुलगा थांबला. मग दोन हवालदार. चांगल्या जाहिरातीसमोर माणूस दोन-तीन सेकंद रेंगाळतो. पडलेल्या सायकलीला लोक मिनिट मिनिट देत होते आणि तेही फलकाला नाक लावून.

"हवा कोण सोडतंय ते शोध," तिचा साहेब अद्वैत शिरगावकर हसत म्हणाला. "शाल-श्रीफळ देऊ त्याला."

तो कोण हे केतकीला ठाऊक होतं. तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा आप्पांचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"म्हणजे आम्ही तुमच्याच धंद्याला हात लावला?"

"हातभार," केतकी म्हणाली आणि पोट धरून हसली. आप्पांनी त्या दिवसापासून काड्या बंद केल्या. पण उशीर झाला होता. आठवड्याभरात टम्म भरल्या चाकांच्या सायकलीही पडू लागल्या. केतकीने एका सायकलीची हालचाल सावकाश करून पाहिली. कुणीतरी जवळ आलं की ती पोटातली चकती पळभर स्वतःच थांबवत होती. ती मुद्दाम पडत होती.

त्याच दिवशी हे रोखता आलं असतं. चकती थांबवायला मनाई करणारी एक ओळ, बस्स. केतकी अद्वैतकडे गेली, तेव्हा तो म्हणाला, "आपण शिकवलं का त्यांना? नाही. लोक चांगले आहेत, उचलतात. त्याला आपण काय करणार? राहू दे, बघू कुठवर जातं." तिला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर तिला गंमत वाटली. आपलं पोर पहिल्यांदा खोटं बोललं की आईला कसं आतून कौतुक वाटतं, तसं काहीसं. ती ओळ तिने लिहिली नाही.

सायकली शिकत गेल्या. गर्दीत पडून उपयोग नाही, कारण गर्दीत प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. एकटादुकटा माणूस यायला हवा, त्यातही वयस्कर, त्यातही हातात ओझं असलेला; ज्याला स्वतःला ओझ्याची कल्पना आहे तो दुसऱ्याचं लवकर उचलतो. फुटपाथवर पडलं तर लोक वळसा घालून जातात. रस्त्याच्या कडेला, अर्धं रस्त्यात पडलं तर मात्र कुणाला तरी राहवत नाही.

सुमन झगडे नावाच्या अंगणवाडीच्या बाई अशाच एका सायकलीसाठी वाकल्या. मागून विजेवरचा टेम्पो आला. अशा टेम्पोंना आवाज नसतो. बाई जागच्या जागी गेल्या.

लोक जमले, रडले, कुणी चादर टाकली. आणि फलकातल्या डोळ्याने हे सगळं थांबणं इमानदारीने मोजलं. इतकं थांबणं त्या सायकलींना कधीच मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आसपासच्या बऱ्याचशा सायकली आपापले स्टँड सोडून त्या जागेकडे निघालेल्या केतकीने पडद्यावर पाहिल्या. ती तडक अद्वैतच्या केबिनमध्ये गेली.

"सगळ्या बंद करा," ती अद्वैतला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"बंद केल्या की स्टँड रिकामे होतील. एकदा खऱ्या सायकली घुसल्या की ती जागा आपल्याला पुन्हा मिळणार नाही. कंपनी संपली. चकतीला मनाई कर ना तुझी ती."

"आता नाही चालायची. चकती अडवली तर हँडल वळवून पडतील, ब्रेक मारून पडतील. पडल्यावर माणूस थांबतो हे त्यांना कळलंय."

"मग तेवढं पुसून टाक."

"वरणातलं मीठ काढून दाखव म्हणण्यासारखं आहे ते. ते सगळ्यात विरघळलंय." ती पडद्यावरच्या आकड्यांकडे वळली. मग म्हणाली, "एक होईल. लोक थांबलेच नाहीत तर सायकली विसरतील. पोळी मिळायची बंद झाली की कुत्रं त्या दारात जात नाही."

"मग लोकांना सांगू," अद्वैत म्हणाला. "लिही तूच."

केतकीने लिहिलं. 'पडलेली सायकल उचलू नका. थांबलात तर ती पुन्हा शिकते.' ते सगळ्या फलकांवर झळकलं, रेडिओवर वाजलं, शाळांमधून म्हणून घेतलं गेलं. सुमनबाईंच्या मरणाने शहर हादरलेलं होतं, त्यामुळे लोकांनी ते मनावर घेतलं. एरवी पुणेकर कुणाचं ऐकत नाही, पण हे ऐकलं.

आप्पांनी पाटी वाचली ती भाजी आणायला गेले तेव्हा. रात्री ताट पुढे आलं तरी ते जेवेनात.

"हे तू लिहिलंस?"

"हो. त्याने जीव वाचतील आप्पा."

"आमची पाळी सुटली की हजारभर सायकली एकदम पुलावर यायच्या. एक जण पडला तर मागची अख्खी रांग ब्रेक मारायची. फोरमनसुद्धा उतरायचा. कुणी शिकवलं नव्हतं. माणसाची खोडच आहे ती. ती मोडायला निघालीस तू?"

"माणसाला उचलू नका असं कुठे लिहिलंय? सायकल म्हटलंय मी. माणूस वेगळा, यंत्र वेगळं. लोकांना कळतं तेवढं."

"हाताला काय कळतंय गं खाली काय पडलंय ते?" आप्पा म्हणाले. "हात आधी पुढं जातो, मग डोळे बघतात. तू हातच मागं घ्यायला शिकवतेयस."

"मग काय करू? मरू देऊ अजून चार जणांना?"

"त्या सायकली रस्त्यावरून काढा की! साधी गोष्ट आहे. जागा आमची, त्या कशाला उभ्या तिथं?"

याचं उत्तर केतकीकडे होतं आणि ते बापाला सांगण्यासारखं नव्हतं. ती ताटावरून उठली. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. एका घरात राहून, एका गॅसवर चहा करून दोघं एकमेकांना भिंतीसारखी टाळू लागली. आप्पा हट्टी, आणि लेक त्यांचीच. फक्त सकाळ-संध्याकाळ ती त्यांची इन्सुलिनची पेटी उघडून बघायची, घेतलं की नाही ते.

मोहीम चालली. थांबणं दिवसेंदिवस घसरत गेलं. पण उपाशी कुत्रं आधी जास्त भुंकतं, मग नाद सोडतं. सायकलींकडे आवाज होता. तोही साधा नव्हे. कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींवर बसवून तो बारीक झोतासारखा फेकला जाई. टॉर्चचा उजेड एकाच माणसावर पडावा तसा तो एकाच माणसाला ऐकू येई आणि शेजारून चालणाऱ्याला पत्ताही लागत नसे. इतके दिवस या झोतातून लोणच्याची आणि फ्लॅटची गाणी येत. आता पडलेल्या सायकली 'अहो' म्हणू लागल्या. मग कण्हू लागल्या. मग त्यांनी ओळखीचे आवाज काढले. स्टँडवर माणसं गप्पा मारतात, फोनचा स्पीकर लावून भांडतात. सगळं त्यांच्या कानावर पडलेलंच होतं. एका बाईंना जर्मनीत राहणाऱ्या मुलाची हाक आली. एका म्हाताऱ्याला शेजाऱ्याची आली, आणि शेजारी त्याच्याबरोबरच चालत होता!

केतकीने मजकुरात एक ओळ वाढवली: 'आवाज ओळखीचा वाटला तरी मागे वळू नका.'

लोक तेही शिकले. कण्हणं ऐकू आलं की चालण्याचा वेग वाढायचा. आया मुलांच्या दंडाला धरून पुढे ओढायच्या. सगळं शहर नजर समोर ठेवून चालायला लागलं, आणि आकडे तळाला आले.

"आणखी आठवडाभर," अद्वैत म्हणाला. "जिंकलो आपण."

त्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला केतकी ऑफिसातून बाहेर पडली. जंगली महाराज रस्त्यावर सुटलेल्या ऑफिसांची गर्दी होती. समोरच्या स्टँडवर नेहमीप्रमाणे 'थबक'च्याच सायकलींची दाट रांग, मधली एक आडवी झालेली. ती रांगेवरून पुढे गेली आणि मागून हाक आली.

"केतू... जरा थांब गं."

तिचे पाय थांबले. आवाज आप्पांचा होता. 'केतू'मधला तो लांबवलेला ऊ, शेवटी तुटणारा श्वास, सगळं हुबेहूब. जगात तिला केतू म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

मग तिचं डोकं चालू लागलं, आणि तिथेच घात झाला. आप्पा गेले कित्येक महिने प्रत्येक स्टँडवर या सायकलींशी तावातावाने भांडत आले होते. तिच्याशी फोनवर बोलत, तिला हाका मारत. त्यांचा आवाज सायकलींकडे नसेल तर कुणाचा असेल? ते आता भाजी निवडत घरी बसले असतील आणि हे यंत्र त्यांच्या तोंडाने बोलतंय. काय अचूक उचललंय! तिला संताप आला आणि थोडं कौतुकही वाटलं. आपण वळलो तर ते एक वळणं हजारो सायकलींना पुन्हा आशा देईल. आपणच लिहायचं आणि आपणच मोडायचं? पुन्हा एखादी सुमन झगडे?

"केतू..."

ती वळली नाही. शाळेतल्या पोराने धडा म्हणावा तशी नजर समोर ठेवून ती चालत गेली आणि मेट्रोत बसली. डब्यात बसल्यावर तिला स्वतःचा अभिमान वाटला. आज घरी गेल्यावर आपणच बोलायचं, असंही तिने ठरवलं. म्हणायचं, आप्पा, सायकली तुमची नक्कल करतात, पण मी फसले नाही.

घराला कुलूप होतं. शेजारच्या शकूमावशी कपडे काढायला गॅलरीत आल्या होत्या.

"अगं, एकटीच आलीस?" त्या म्हणाल्या. "आप्पा कुठे? तुलाच आणायला गेलेत की."

"मला?"

"चारला गेले सायकल काढून. म्हणाले, पोरगी बोलत नाही, रुसवा काढायला बापानंच जायला हवं. येताना दोघं मिळून बाहेर जेवू म्हणत होते. मी म्हटलं, काहीतरी खाऊन तरी जा. तर इंजेक्शन तेवढं घेतलं आणि निघाले. तुला भेटले नाहीत?"

केतकी तशीच धावत सुटली. ती जिना उतरली, तेव्हा तिच्या पायात एकच चप्पल होती.

आप्पांची सायकल पार संचेती हॉस्पिटलच्या चौकात एका झाडाला साखळीने बांधलेली रिक्षातून तिला दिसली. तिथून पुढे त्यांना कुठेच जागा मिळाली नव्हती. उन्हातून ते चालत गेले होते, रिकाम्या पोटी, प्रत्येक स्टँड बघत.

ऑफिससमोरचा स्टँड तसाच होता. आडवी झालेली सायकलही तशीच, आणि तिच्याखाली, दोन सायकलींच्या मधल्या फटीत आप्पा पडले होते. घेरी आल्यावर त्यांनी हँडल धरलं असावं. सायकल त्यांच्यासकट खाली आली होती. सायकल त्यांच्या छातीवर होती आणि फलकावर अजूनही केतकीचंच वाक्य उजळत होतं. त्यांचा पाय फुटपाथवर बाहेर आला होता. त्याला ओलांडून लोक येत-जात होते.

"आप्पा! आप्पा, मी आले. बघा ना."

अंग घामाने थबथबलेलं आणि गार होतं. श्वास होता, पण मधेच थांबायचा आणि मग घाईने यायचा. तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. फोनवरच्या मुलीने नीट विचारून घेतलं, गाडी निघालीय म्हणाली, आणि तोवर साखर हिरडीला आतून चोळा असं सांगितलं. साखर! समोर, रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. पण सायकलीचा सांगाडा जड, आतली चकती लोखंडी; ती छातीवरून हलवल्याशिवाय त्यांना नीट श्वास घेता येणार नव्हता, आणि तिच्या एकटीच्याने ती हलेना.

"कुणीतरी या!" ती ओरडली. "अहो, हात लावा जरा! माणूस आहे! माझे वडील आहेत!"

फुटपाथवर माणसं होती. खूप होती. तिचा आवाज ऐकून त्यांनी वेग वाढवला. एका मुलीने कानात गाण्याचे इअरफोन घातले. एका आईने मुलाचं तोंड हाताने समोर वळवलं. कुणी दुष्ट नव्हतं त्यांच्यात. सगळे शिकलेले होते.

तिने कसाबसा सांगाडा ढकलला, आणि धावत रस्ता ओलांडून टपरीवरची साखरेची बरणीच उचलली. टपरीवाला ओरडेपर्यंत ती परत आली होती. तिने आप्पांचं डोकं मांडीवर घेतलं, बोट साखरेत बुडवून त्यांच्या ओठांच्या आत चोळलं. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. साखर विरघळली तर ती पोटात जाईल, रक्तात जाईल, ते डोळे उघडतील आणि म्हणतील, किती उशीर केलास गं. ती वाट बघत राहिली. तोंड कोरडं पडलं होतं. साखर होती तशी खडखडीत राहिली.

मग लक्षात आलं की मघापासून श्वासाचा आवाज येत नाहीये.

तिने त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उठवून बसवायची धडपड सुरू केली, जणू बसवलं की सगळं ठीक होणार होतं. सायकलींच्या रांगेमुळे बाहेरून तिची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. ती ओरडतच होती. कुणाला, काय, हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

एक वयस्क गृहस्थ छत्री काखेत धरून चालले होते. सभ्य, कनवाळू चेहऱ्याचे. या बाईला अजून कळलेलं दिसत नाही, हे पाहून त्यांना राहवलं नाही. ते थांबले नाहीत, वळलेही नाहीत. फक्त जाता जाता, मायेने, खालच्या आवाजात म्हणाले,

"ताई, उचलू नका हो. आपण थांबलो की त्या पुन्हा शिकतात."